हूंकाका आणि आठ पेले

गल्लीत त्यांना तोंडावर सगळे बाईंडरकाका म्हणत आणि पाठीमागे हूंकाका. पाठीमागे म्हणजे खरोखरच पाठीमागे, कारण दुकानात शिरणाऱ्याला त्यांची पाठच दिसायची. उजेडाची मोठी खिडकी मागच्या भिंतीला होती, तिच्यापुढे थोडी जागा सोडून कामाचं लांब टेबल, आणि टेबलावर वाकलेले काका. गिऱ्हाईक दारातून सांगायचं, "काका, प्रबंध आहे. पाच प्रती, सोमवारी हव्यात." "हूं." "पुठ्ठा काळा, अक्षरं सोनेरी." "हूं." "होईल ना नक्की?" "हूं." आणि व्हायचंही. सोमवारी पाच प्रती कागदात बांधून तयार असायच्या. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात ह्या माणसाने एकही तारीख चुकवली नव्हती आणि एकही वाक्य गरजेपेक्षा लांब होऊ दिलं नव्हतं.

जोड्या जुळवणाऱ्यालाही कधीमधी चेष्टेची लहर येत असावी. त्याने ह्यांच्या गळ्यात बांधली टेलिफोन एक्सचेंजमधली ऑपरेटर. काकूंनी आधी एक्सचेंजमध्ये आणि पुढे ते काम यंत्रांनी गिळल्यावर एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोनवर, अशी मिळून छत्तीस वर्षं कानाने नोकरी केली. पलीकडचा नुसता 'हॅलो' ऐकून माणूस उभा आहे की बसलाय, जेवलाय की उपाशी आहे, आत्ताच रडून आलाय की आता रडणार आहे, हे त्या सांगत आणि सहसा चुकत नसत. गल्लीने त्यांना हॅलोकाकू करून टाकलं होतं. एका घरात हॅलो आणि हूं! लोक म्हणत, एकोणचाळीस वर्षांत ह्या घरातून भांडणाचा आवाज आला नाही, काय गोडीचा संसार आहे बघा. लोकांचं काय जातंय म्हणायला. बाहेरून सगळीच पुस्तकं धड दिसतात.

मूल झालं नाही. त्याचं दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत रडून घेतलं आणि मग काकूंच्या बहिणीच्या मुलीवर मिळून जीव लावला. ही भाची दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि वर्षातून दोनदा येऊन घर डोक्यावर घेऊन जायची.

आता काकांच्या गप्प बसण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. मोजताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांना फार महागात शिकावा लागला होता. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी ते एका शब्दकोशाचे फर्मे जुळवत होते. फर्मा म्हणजे घडी घालून एकत्र शिवायची सोळा पानं. हात चालू होते, तोंडही चालू होतं, शेजारच्या कारागिराशी फुटबॉलच्या सामन्यावरून वाद रंगला होता, आणि त्या नादात चाळीस प्रतींमधून एक फर्मा राहून गेला. पुढे एक मास्तर कोश घेऊन आले आणि म्हणाले, ह्यात 'लग्ना'पासून 'लोभा'पर्यंत शब्दच नाहीत हो. लग्न, लळा, लाज, लोभ, सगळंच गायब. काम शिकवणारे उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी चाळीसच्या चाळीस प्रती उसवून काकांना पुन्हा शिवायला लावल्या, बोटं सोलून निघेपर्यंत. त्या दिवसापासून काकांनी मोजताना तोंडाला कुलूप घातलं.

नियम चांगलाच होता. पण चांगल्या नियमाची एक खोड असते, आडोसा म्हणूनही तो फार सोयीचा पडतो. अडचणीचा प्रश्न घेऊन कुणी दारात उभं राहिलं, की काकांच्या हातात कुठला तरी गठ्ठा असायचाच आणि त्यांची मोजणी ऐन रंगात आलेली असायची. खाली मुंडी पाताळ धुंडी म्हणतात ते काही उगाच नाही.

तर ह्या घरात टॅरोचे पत्ते आले ते भाचीच्या पिशवीतून. नोकरी सांभाळून ती लोकांचे पत्ते बघायची. आठ दिवस राहायला आली तेव्हा तिने मावशीलाही शिकवलं, आणि जाताना आपला जुना, वापरून मऊ झालेला कॅट मावशीलाच देऊन गेली. "भविष्यबिविष्य काही नसतं गं ह्यात," ती म्हणाली होती. "चित्राकडे बघायचं आणि मनात काय येतं ते खरं खरं म्हणायचं. खरं म्हणणंच अवघड असतं, बाकी सोपंय."

निवृत्तीनंतर काकूंनी विणकाम करून पाहिलं होतं, शब्दकोडी सोडवून पाहिली होती, कुंड्यांमध्ये टोमॅटो लावून पाहिले होते. टोमॅटोसुद्धा लागले नाहीत, पण पत्ते लागले. पाचेक महिन्यांत कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातली बाई, वरच्या मजल्यावरची शिंपीण अशा बायका दुपारच्या काकूंसमोर येऊन बसू लागल्या. काकू पत्ते मांडत, चित्राकडे बोट दाखवत आणि मग कान टवकारत. समोरची बाई 'काही नाही हो, मजेत आहे' असं म्हणाली की काकूंना तिचा सगळा संसार ऐकू येई. पत्ते निमित्ताला होते.

काकांचं ह्या सगळ्याबद्दलचं मत एकाच शब्दाचं होतं, आणि तो शब्द कुठला हे पुन्हा सांगायला नको.

एका दुपारी काकूंनी तो कॅट त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. "ह्याचं खोकं पार फाटलंय. एक डबी करून द्या ना, घट्ट झाकणाची. न्यायला बरी."

"हूं," काका म्हणाले. 'न्यायला' हा शब्द त्यांच्या कानातून डोक्यात पोचेपर्यंत काकू आत निघून गेल्या होत्या.

कागदाची कुठलीही वस्तू हातात आली की आधी मोजायची, ही चाळीस-पन्नास वर्षांची सवय. अठ्ठ्याहत्तर पत्ते भरले. मग त्यांनी गठ्ठा ठोकून सारखा केला आणि कड उजेडात धरली. हीही सवयच. नुसती कड बघून कुठलं पान जास्त उघडलं गेलंय हे ते सांगू शकत. डॉक्टर कुठल्या आजाराला अडतात, विद्यार्थी कुठल्या धड्याला घाबरतो, सगळं कडेवर उमटलेलं असतं, फक्त बघणारा हवा. पत्त्यांची झीज सगळीकडे सारखी होती. पिसून पिसून दोन्ही टोकं गुळगुळीत झालेली, ती भाचीची. फक्त एका जागी बारीक काळपट रेघ होती. काकांनी तो पत्ता नखाने ओढून बाहेर काढला. उजवीकडे खाली अंगठ्याएवढा तेलकट, चकचकीत डाग. पिसण्याने असा डाग पडत नाही. एकच पत्ता रोज हातात धरून बसलं तर पडतो. त्यांनी तो नाकाशी नेला. काकू हाताला लावायच्या त्या मलमाचा वास आला.

चित्रात एक पाठमोरी आकृती होती, बाई की बुवा ते कळू नये अशी. अंगात लाल अंगरखा, हातात काठी, डोंगराकडे चाललेली. मागे आठ पेले नीट रचून ठेवलेले. वरून चंद्र खाली बघत होता आणि त्याचाही चेहरा काही बरा नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो काकांनी अक्षरशः घातला. बायको भिंतीपलीकडे बसलेली असताना त्यांनी तीनशे किलोमीटरवरच्या भाचीला फोन लावला. भाचीला वाटलं, काकांनी आपणहून फोन केला म्हणजे कुणीतरी गेलं असणार.

"काका! मावशी बरी आहे ना?"

"बरी आहे. आठ पेल्यांचा पत्ता. अर्थ काय?"

"हात्तिच्या! निघून जाणं. म्हणजे बघा, पेले पडलेले नाहीत, फुटलेले नाहीत. वरवर सगळं ठीक आहे. पण आतून पुरे झालेलं असतं, म्हणून माणूस सगळं तसंच ठेवून चालू लागतो. का हो, तुम्हाला आला का?"

"हूं."

"आणि मावशीची काळजी करू नका बरं का. चांगली तीन महिने बडदास्त ठेवते तिची. खोलीसुद्धा रंगवून घेतलीय. तिने सांगितलं असेलच तुम्हाला."

तिने काहीच सांगितलं नव्हतं.

डबीचं काम तासाभराचं. काकांनी तिला अकरा दिवस लावले. आधी पुठ्ठा दमट निघाला. मग कापडाचा रंग मनासारखा मिळेना. मग खळ नीट वाळेना. डबी झाली नाही तर पत्ते जाणार नाहीत आणि पत्ते गेले नाहीत तर बायको जाणार नाही, असा तर्क एका शहाण्यासुरत्या माणसाने लढवला होता, आणि तो खिडकीशी बसून रोज खळीच्या भांड्यात ब्रश ढवळत होता. तिकडे माळ्यावरची निळी बॅग खाली आली. ती उन्हात ठेवली गेली. तिची चेन अडकत होती, तिला साबण घासला गेला. काका सगळं बघत होते आणि विचारत काहीच नव्हते.

आपलं काय चुकलं, ह्याचा त्यांनी मनाशी फार विचार केला. दारू नाही. हात उगारला नाही. पगारावर, माहेरावर, रांधण्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. आवाज कधी चढवला नाही. आता आवाज काढलाच नाही तर चढवणार कुठून, पण ही बाजू त्यांच्या ध्यानात आली नाही.

बाराव्या दिवशी मात्र डबी पुरी झाली. आणि काय झाली! बाहेरून गडद निळं कापड, आतून लाटालाटांचा रंगीत कागद, झाकण असं की लावताना आतली हवा हळूच बाहेर पडायची. ती काकूंच्या पुढ्यात ठेवून काका तिथेच उभे राहिले.

"माझे बघ," ते म्हणाले.

"काय बघू?"

"पत्ते."

काकूंच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी काकांना खुर्ची दिली, टेबल पुसलं आणि कॅट त्यांच्या हातात ठेवला. "विचारणाऱ्याने पिसायचे असतात. मनात प्रश्न धरा."

काकांच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो ते दैवावर सोडणार नव्हते. ज्या अंगठ्याने जन्मभर पानांच्या कडा चाचपल्या, त्याला तो डागाळलेला पत्ता न बघता सापडला. पिसता पिसता त्यांनी तो वरून तिसरा आणून ठेवला. आयुष्यात केलेली ही त्यांची पहिली लबाडी नव्हती, पण पहिली कुणाला ठाऊक होती हे त्यांना अजून कळायचं होतं.

"पहिला तुमचा," काकू म्हणाल्या. "दुसरा माझा. तिसरा आपल्या दोघांच्या मधे काय आहे त्याचा."

पहिला आला डोंगरावर कंदील धरून एकटाच उभा असलेला म्हातारा. "हा तर फोटोच काढलाय की तुमचा!" काकू खुदकन हसल्या. दुसरा आला सिंहाचं तोंड दोन्ही हातांनी मिटवणारी बाई. "बघा, मी चाळीस वर्षं एकाचं तोंड उघडायला बघतेय आणि हिला मिटवायची घाई." मग त्यांनी तिसरा उलटला आणि त्यांचं हसू थांबलं.

"हा तुम्ही घातलात."

"हूं."

"कसा ओळखलात?"

"डाग पडलाय."

काकूंनी आधी डागाकडे पाहिलं आणि मग आपल्या अंगठ्याकडे. काकांनी घसा साफ केला. पुढची वाक्यं त्यांनी बारा दिवस तयार केली होती. "तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पण मला सांगून जा. सगळं सोडून पाठ फिरवून चालली आहेस, ती तूच ना ही?"

"मी?" काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, ही मी नाही. हे तुम्ही आहात."

काकांनी पत्ता जवळ ओढला.

"एकोणचाळीस वर्षं बघतेय ही पाठ. डावा खांदा खाली, मान पुढे. हातातली काठी सोडली तर सगळं तुमचंच आहे. पाच महिन्यांपूर्वी हा पत्ता पहिल्यांदा हातात आला आणि मी रडायलाच लागले. तुम्ही इथेच होता, शिलाई करत." काकूंचा आवाज खाली आला. "प्रशिक्षण केंद्राचं पत्र आठवतं का तुम्हाला?"

काकांना आठवत होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नव्या ऑपरेटर मुलींना शिकवायला काकूंना दूरच्या शहरात बोलावलं होतं, दोन वर्षांसाठी. साऱ्या एक्सचेंजमधून त्यांचं एकटीचं नाव निघालं होतं.

"मी त्या दारात उभी राहिले, दोऱ्याच्या फळीपाशी. म्हटलं, दोन वर्षं बोलावलंय, जाऊ का? तुम्ही म्हणालात हूं. मी थांबले. म्हटलं, आता वळाल. बराच वेळ थांबले. मग आत गेले आणि येत नाही म्हणून कळवून टाकलं."

"मी मोजत होतो," काका कसेबसे म्हणाले.

"नव्हता मोजत." काकूंनी हे इतक्या शांतपणे म्हटलं की काकांनी मान खाली घातली. "तुम्ही मोजता तेव्हा पानं वाजतात. तेव्हा पानं वाजत नव्हती. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज ऐकले, घरातला ऐकू येणार नाही होय मला?"

काका पत्त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"मी तेव्हा रागावले नाही. राग बाजूला ठेवला, सवडीने रागावू म्हणून. मग रात्रपाळ्या आल्या, सासूबाईंचं आजारपण आलं, हॉस्पिटलची नोकरी आली, राहूनच गेलं. आता सवड मिळाली, हा पत्ता हातात आला, आणि बघते तर राग जसाच्या तसा. घडीसुद्धा मोडलेली नाही." त्यांनी पत्ता सरळ करून काकांच्या समोर ठेवला. "मला दुसरं काही नको. का वळला नाहीत, एवढंच सांगा."

उत्तर काकांना माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं माहीत होतं. ते जिभेपर्यंत आलंही होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडायची सवय होती तेच पडलं.

"हूं."

अशा वेळी माणसाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. काकूंनी घातला नाही. त्यांनी पत्ते गोळा केले, डबीत ठेवले, झाकण लावलं. आतली हवा हळूच बाहेर पडली. "डबी फार सुरेख झालीय," त्या म्हणाल्या. "परवा निघते मी. तीन महिने." आणि आत गेल्या. त्यांनी चार भांडी आदळली असती तरी काकांना एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी एका प्रबंधाचं कव्हर उलटं चिकटवलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ते सोडवून, खरवडून, पुन्हा चिकटवताना त्यांच्या डोळ्यांसमोर पत्राची ती दुपार येत राहिली. अठ्ठेचाळीस फर्मे मोजून झाले होते. शेवटचा खाली ठेवला तोच मागून आवाज आला. समोरच्या खिडकीच्या काचेत काकू दिसत होत्या, हातात पत्र, आणि चेहऱ्यावर असा आनंद की लग्नाच्या दिवशीही काकांनी तो पाहिला नव्हता. आणि त्यांनी मोजून झालेला गठ्ठा पुन्हा हातात घेऊन नुसता धरून ठेवला. ही त्यांची पहिली लबाडी. काकू आत गेल्या, पुढे आठवडाभराने कळलं की ती जात नाहीये, तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला होता आणि त्या जीव भांड्यात पडण्याची लाज त्यांना आजपर्यंत पुरली होती.

दहाच्या सुमाराला त्यांनी कचेरीच्या वह्यांचे कागद मोजायला घेतले. काम म्हणजे काम. सत्तर, ऐंशी, शंभर. एकशे दहा. एकशे अकरा. एकशे बारा.

"मी भाचीकडे तीन महिने जाऊ का?"

काकू दारात उभ्या होत्या. दोऱ्याच्या फळीपाशी, जिथे तेव्हा उभ्या होत्या तिथेच. काचेत त्या दिसत होत्या, पण काकांनी काचेत पाहिलं नाही. पानांचा आवाज थांबला. आणि काका वळले.

नुसती मान नाही वळवली. उठून, खुर्ची मागे सारून, सगळे वळले. हातातला गठ्ठा निसटला, कागद जमिनीभर झाले आणि एकशे बारा कुठे गेले ते कळलंच नाही. जन्मभर आवाजांवरून माणसं ओळखणाऱ्या काकूंना चेहरे वाचायचा सराव कमी होता. पण हा चेहरा कुणालाही वाचता आला असता.

"जाऊ नको," काका म्हणाले.

"मी जाणार आहे."

"मग विचारतेस कशाला?"

"तुम्ही वळता का ते बघायला."

काका तिथेच कागदांत उभे राहिले आणि बोलू लागले. आधी अडखळत, मग धरण फुटल्यासारखं. "तेव्हा मोजून झालं होतं माझं. तू काचेत दिसत होतीस. इतकी खुशीत होतीस! वळलो असतो तर माझ्या तोंडून जाऊ नको निघालं असतं. मला राहताच आलं नसतं तुझ्यावाचून. तुझा आनंद माझ्या तोंडाने मोडायचा नव्हता मला, म्हणून वळलो नाही. भ्यालो मी. आणि तू गेली नाहीस तेव्हा मला बरं वाटलं. ते त्याहून वाईट."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं आणि त्याच दमात त्या कडाडल्या. "मग म्हणायचं होतंत जाऊ नको! तेवढ्यासाठी तर उभी होते. जा म्हणा, नाहीतर जाऊ नको म्हणा, काहीतरी म्हणा! जाऊ नको म्हणाला असतात तर मी कडाकडा भांडले असते आणि भांडून गेले असते. दोन वर्षांनी परतही आले असते. भांडायला समोर तोंड लागतं हो, पाठीशी काय भांडायचं?"

"आणि तू?" काकांचा आवाज चढला. तो चढू शकतो हे त्यांनाही आजच कळत होतं. "दिवसभर साऱ्या जगाला हॅलो, हॅलो. आणि घरी आलीस की घसा बसला, आज बोलायला नको. माझ्या वाट्याचं बोलणं लोकांत संपवून यायचीस तू. मी काय बोलणार होतो, कुणाशी?"

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. "हे तुम्ही कधी बोलला नाहीत मला."

"मोजत होतो," काका म्हणाले.

काकूंना जे हसू फुटलं ते आवरेना. रडत होत्या, हसत होत्या, मधेच पुन्हा भांडत होत्या. सासूबाईंचं औषध कोण विसरलं होतं इथपासून खिडकीचा पडदा कुणी जाळला इथपर्यंत एकोणचाळीस वर्षांची थकबाकी निघाली. औषधांच्या दुकानातली बाई धावत आली, दारातून डोकावली आणि आल्या पावली परत गेली. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की हूंकाकांच्या घरात भांडण लागलंय आणि बोलताहेत काका. कुणाला खरं वाटेना.

तीन महिन्यांचा शेवटी दीड महिना ठरला, आणि रोज संध्याकाळी फोन. फोनवर 'हूं' म्हणायचं नाही, ही काकूंची अट. काकांनी ती भांडून भांडून आठवड्यातून दोन 'हूं'वर आणली.

मग दोघांनी मिळून जमिनीवरचे कागद गोळा केले. काकूंना वाकायला त्रास व्हायचा, म्हणून काका वेचत गेले आणि त्या ठोकून सारखे करत गेल्या.

"किती झाले होते?" काकूंनी विचारलं.

"एकशे बारा."

"नक्की?"

"नाही. विसरलो."

काकूंनी दोऱ्याच्या फळीखालचं स्टूल ओढलं, टेबलाला वळसा घातला आणि खिडकी आणि टेबल ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत काकांच्या अगदी समोर जाऊन बसल्या.

"उजेड अडतोय," काका म्हणाले.

"अडू दे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गठ्ठा हातात घेतला, पहिला कागद उचलला आणि आयुष्यात प्रथमच मोठ्याने म्हणाले, "एक."